उन्हात कोसळलेला मजूर आणि रात्रीच्या पाण्यावर गारठलेला माणूस

भाऊ, रावेरकडे केळी कापताना मजूर बरळायला लागला आणि कोसळला. लोकांनी कांदा हुंगवला, तोंडात पाणी ओतलं आणि गाडीची वाट पाहत बसले. चुकलं कुठे, असं तुम्ही विचारलंय. वाट पाहण्यात चुकलं.

उन्हात बरळणं, झोकांड्या, झटके किंवा शुद्ध हरपणं दिसलं की उष्माघातच समजायचा. अंग तेव्हा ४० अंशांच्या वर तापलेलं असतं. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, कष्ट करणाऱ्याचं अंग उष्माघातातही ओलंचिंब असू शकतं. एकाने १०८ ला फोन लावावा, बाकीच्यांनी त्याच क्षणी अंग गार करायला घ्यावं. पहिल्या अर्ध्या तासावर सगळं असतं.

केळीच्या बागेतली सावली फसवी. आत वारा हलत नाही, हवा दमट, घाम वाळत नाही. माणसाला बांधावर निंबाखाली आणा, कपडे काढा, विहिरीचं पाणी बादल्यांनी ओता आणि पुठ्ठ्याने सतत वारा घाला. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चटका देतं, ते सोडून द्या. पाणी उडवायला फवारणीचा पंप मुळीच घेऊ नका, त्यात औषधाचा अंश राहतो. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवा. गाडीत घातल्यावरही ओलं कापड आणि वारा थांबवू नका. पॅरासिटामॉल या तापावर चालत नाही. बेशुद्धाच्या तोंडात ओतलेलं पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं, म्हणून त्याला काही पाजू नका, कुशीवर वळवा. कांदा भाकरीसोबत खावा, एवढाच त्याचा उपयोग.

शुद्धीत आहे, नुसते गोळे येताहेत किंवा चक्कर येतेय, तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. उलट्या सुरू झाल्या तर दवाखाना.

जानेवारीत रात्रीची लाईट येते म्हणून गव्हाला पाणी भरणाऱ्यांचं तुम्ही विचारलंत. तिथे उलट, गारठलेलं अंग एकदम तापवायची घाई नको. ओले कपडे काढून कोरडी गोधडी, डोक्याला रुमाल, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा. दारूचे ‘दोन घोट’ देणारे हटकून भेटतात. दारूने ऊब आल्यासारखी वाटते, पण अंगातली उष्णता जास्तच बाहेर पडते. बधिर पाय शेकोटीवर धरले तर भाजलेलं कळत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवाल तर थंडीपेक्षा तिचा न दिसणारा विषारी वायूच जीव घेईल. थंडीने कुडकुडणारा माणूस कुडकुडायचा थांबला आणि जीभ जड झाली, तर बरं वाटतंय असं समजू नका, दवाखान्यात न्या.

हिमदंश आपल्याकडे होत नाही, पण केदारनाथ-अमरनाथला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: बोटं पांढरी, कडक पडली तर चोळायची नाहीत, बर्फाने तर नाहीच. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवायची, तेही पुन्हा गोठणार नाहीत अशा ठिकाणी पोचल्यावरच.