वाचकांचे प्रश्न : शाळेच्या दिवंगतांची यादी

शाळांचे सुवर्णमहोत्सव आणि अमृतमहोत्सव जवळ आले की स्मरणिकेची कामे सुरू होतात आणि त्यांबरोबर दिवंगतांच्या यादीचा प्रश्नही पुढे येतो. मराठवाड्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून आलेली अशी काही पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि शाळांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या खाजगी अनुदानित शाळेला लवकरच 75 वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेत दिवंगतांसाठी चार पाने ठेवली आहेत. संस्थेचे काही पदाधिकारी म्हणतात की संस्थापक, मुख्याध्यापक आणि नावारूपाला आलेले विद्यार्थी एवढ्यांनाच जागा द्यावी. आम्हा माजी विद्यार्थ्यांना ते पटत नाही. पण सर्वांची नावे मिळवायची कुठून, हेही कळत नाही. (परभणी जिल्हा)

पाने कमी पडत असतील तर जाहिराती कमी कराव्यात, नावे कमी करू नयेत. खाजगी शाळा संस्थापकांच्या नावाने ओळखली जाते, पण ती रोज उघडते ती घंटा देणाऱ्या सेवकामुळे, प्रयोगशाळेतल्या परिचरामुळे आणि फीच्या पावत्या फाडणाऱ्या लिपिकामुळे. आपल्या भागात तर याला इतिहासाचाही आधार आहे. निजामी राजवटीत वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून चालत असे, त्या काळात औरंगाबादची सरस्वती भुवन किंवा अंबाजोगाईचे योगेश्वरी नूतन विद्यालय यांसारख्या शाळा लोकांनी स्वतःच्या बळावर उभ्या केल्या. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईला शिकवत होते, हे आपण मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात वाचतो. पण त्या काळातल्या अशा शाळांत पाणी भरणाऱ्या, वर्ग झाडणाऱ्या माणसांची नावे आज कोणी सांगू शकेल का? आपल्या शाळेच्या बाबतीत ती नावे अजून मिळू शकतात, म्हणून ती आताच लिहून ठेवली पाहिजेत.

शोधाची सुरुवात जनरल रजिस्टरपासून, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद असलेल्या वहीपासून, करावी. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन, लिपिकाच्या समोर बसून, रजिस्टर कार्यालयाबाहेर न नेता हे काम करावे. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘पुढील शिक्षणासाठी’, ‘वडिलांची बदली’, ‘सतत गैरहजर’ असे शेरे असतात आणि मधूनच कोठेतरी नुसते ‘मयत’ असे लिहिलेले सापडते. मी पाहिलेल्या एका रजिस्टरमध्ये पाचवीतल्या एका मुलीच्या ओळीत जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही प्रकारे, घोटीव अक्षरात लिहिलेली होती. पुढे वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’ आणि कारणाच्या रकान्यात तो एकच शब्द. दाखला नेल्याच्या सहीची जागा कोरी होती. ती मुलगी त्या शाळेच्या कोणत्याही स्मरणिकेत आलेली नव्हती, कारण ती दहावीपर्यंत पोहोचलीच नाही आणि तिच्या नावावर कोणते यशही नव्हते. अशी मुले आपल्या यादीत सर्वांत आधी यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘सतत गैरहजर’ या शेऱ्याकडेही दुर्लक्ष करू नये. दीर्घ आजारात घरीच मृत्यू पावलेल्या मुलांची नावे पुष्कळदा त्याच शेऱ्याने कमी केलेली असतात.

आपली शाळा 1950 च्या सुमाराची असल्याने पहिल्या तुकड्यांच्या जुन्या दाखल्यांवर फसली सन, म्हणजे निजामी राजवटीतील सरकारी कालगणना, आढळण्याची शक्यता आहे. हैदराबाद संस्थानात हे वर्ष आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीस, बदलत असे. ऑक्टोबर ते डिसेंबरमधील तारीख असेल तर 590 आणि त्यापुढील महिन्यांतील असेल तर 591 मिळवले म्हणजे इसवी सन येतो. सप्टेंबर 1948 हा फसली 1357 मध्ये पडतो. हा हिशेब न करता तारखा छापल्या, तर शाळेत शिकलेला मुलगा सहा शतकांपूर्वीचा ठरेल इतकी मोठी चूक होते. असे दाखले उर्दूतही असू शकतात, म्हणून उर्दू वाचता येणारे एखादे वयस्कर गृहस्थ सोबत घ्यावेत.

विद्यार्थिनींच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. रजिस्टरमध्ये माहेरचे नाव असते आणि निधनाची बातमी येते सासरच्या नावाने, त्यामुळे कितीतरी मुली दोन्हीकडून निसटतात. त्यांच्या वर्गमैत्रिणींना विचारून दोन्ही नावे मिळवावीत आणि यादीत दोन्ही छापावीत.

शिक्षक आणि सेवकांसाठी जुने हजेरीपट आणि सेवापुस्तके उपयोगी पडतात. विनाअनुदान काळात तुटपुंज्या मानधनावर दोन-तीन वर्षे शिकवून गेलेल्या शिक्षकांची सेवापुस्तके बहुधा झालेलीच नसतात. त्यांचा शोध वर्गाच्या सामूहिक छायाचित्रांवरून घ्यावा लागेल. छायाचित्राच्या मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेली नावे असतील तर ती आधी उतरवून घ्यावीत, कारण ती पुसट होत जातात.

प्रत्येक नावापुढे जन्म आणि निधनाची वर्षे, शाळेतील काळ आणि एखादे वाक्य एवढे पुरे. ते वाक्य मात्र त्याच माणसाचे असावे. ‘कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख’ हे शब्द कोणालाही लावता येतात. ‘नदीला पाणी आले की पलीकडच्या वाडीतील मुलांना हाताला धरून घरापर्यंत पोहोचवून येत’ असे एखाद्या सेवकाविषयी कळले, तर तेवढेच लिहावे. सर्व नावे एकाच आकाराच्या टंकात आणि आडनावाच्या अकारविल्हे क्रमाने घ्यावीत. छायाचित्र सर्वांचे मिळत नसेल तर कोणाचेच छापू नये, हे मी आग्रहाने सांगेन. आणि छापण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबास ती ओळ दाखवून त्यांचा होकार घ्यावा. एखाद्या कुटुंबाने नको म्हटले तर कारण विचारू नये.

प्रश्न : 1993 च्या भूकंपात आमच्या गावातील खाजगी शाळेची इमारत आणि दप्तर दोन्ही गेले. नव्या गावठाणात शाळा पुन्हा उभी राहिली, पण त्या रात्री गेलेल्या विद्यार्थ्यांची यादी आजही शाळेत नाही. मी तेथे शिक्षक होतो. आता ती तयार करता येईल का? (धाराशिव जिल्हा)

करता येईल, आणि ती आपणच करावी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर परिसरात जे घडले, त्यात हजारो माणसे गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक घरी येऊन झोपले होते आणि दगड-मातीच्या जाड भिंती व माळवदाची जड छते त्यांच्यावर आली. त्या माणसांची आठवण आजही दरवर्षी काढली जाते, पण अशा कार्यक्रमांत बहुधा गावाचा आकडा सांगितला जातो. आठवी ‘ब’ मध्ये तिसऱ्या बाकावर कोण बसत असे, हे फक्त वर्गशिक्षकाला आणि वर्गमित्रांनाच सांगता येते.

आपल्या शाळेचे दप्तर गेले असले तरी मुले त्याआधी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकलेली असतील आणि ते रजिस्टर वाचले असेल, किंवा शेजारच्या गावातून येणाऱ्या मुलांची नोंद त्या गावात असेल. दहावीला बसलेल्यांची नोंद विभागीय मंडळाकडे मिळू शकते. ग्रामपंचायतीकडील मृत्यूच्या नोंदी आणि मदतवाटपाच्या याद्या ताडून पाहाव्यात. तरीही या कागदांमध्ये वर्ग आणि तुकडी मिळणार नाही. त्यासाठी वाचलेल्या विद्यार्थ्यांना, जे आता पन्नाशीकडे झुकले आहेत, वर्गवार एकत्र बसवावे आणि फळ्यावर बाकांची मांडणी काढून एकेक नाव भरत जावे. एकाच्या तोंडून नाव निघाले की दुसऱ्याला त्याच्या शेजारचा आठवतो. हे काम एका बैठकीत होणार नाही, आणि त्या बैठकीत कोणाला उठून बाहेर जावेसे वाटले तर जाऊ द्यावे.

पूर्ण कुटुंबच गेल्यामुळे संमती द्यायला कोणी उरलेले नाही, अशी नावेही आपल्या यादीत येतील. तेथे मामा, आत्या असे कोणी असल्यास त्यांना कळवावे; कोणीच नसल्यास वर्गमित्रांच्या सांगण्यावरून नाव लिहावे. त्या मुलाचे नाव घेणारे जगात तेवढेच लोक आहेत. ज्या नावाची खात्री होत नाही ते पेन्सिलीने लिहून ठेवावे, खोडू नये.

प्रश्न : आमच्या शाळेत हिंदू, मुस्लिम, बौद्ध, लिंगायत, ख्रिस्ती असे सर्व शिक्षक होऊन गेले. स्मरणदिन सर्वपित्री अमावास्येला ठेवावा असा प्रस्ताव आहे. योग्य होईल का? (जालना)

सर्वपित्रीचा दिवस ज्यांच्या घरी पाळला जातो, त्यांनी तो घरी जरूर पाळावा. शाळेने मात्र तारखेप्रमाणे आणि कोणाच्याही विधीशी न जोडलेला दिवस घ्यावा. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनासाठी शाळा सकाळीच भरते आणि गावातील माजी विद्यार्थीही येतात; ध्वजवंदन आणि हुतात्म्यांना मानवंदना झाल्यावर थोडे थांबून, वेगळा कार्यक्रम म्हणून, शाळेच्या दिवंगतांची नावे वाचता येतील. पितृपक्ष पुष्कळदा याच सुमारास असतो, त्यामुळे प्रस्ताव मांडणाऱ्यांनाही हे पटावे.

नावांमागे कै., मरहूम, कालकथित, लिंगैक्य असे निरनिराळे शब्द लावण्यात घराघरांतील माणसांचा भाव असतो, पण एकाच यादीत ते लावले की यादीची जातवार विभागणी होते. वर एकदाच ‘दिवंगत’ लिहावे आणि खाली फक्त नावे. हार, उदबत्ती, नारळ यांऐवजी दोन मिनिटे उभे राहणे सर्वांना जमते. नावे शक्यतो आठवी-नववीच्या मुलांनी वाचावीत, आणि त्यांच्याकडून उच्चारांचा सराव आदल्या दिवशी करून घ्यावा. मुस्लिम व ख्रिस्ती नावे चुकीची वाचली जातात आणि समोर बसलेल्या घरच्यांना ते लागते.

प्रश्न : गेल्या वर्षी आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याने आत्महत्या केली. यादीत त्याचे नाव असावे अशी त्याच्या आईची इच्छा आहे. काही सहकाऱ्यांना वाटते की त्यामुळे इतर मुलांवर वाईट परिणाम होईल. (लातूर)

त्याचे नाव इतरांप्रमाणेच, त्याच क्रमाने आणि त्याच आकारात यावे. ते वगळले तर त्याच्या आईला आणि वर्गमित्रांना शाळेने त्याला नाकारले असे वाटेल, आणि जो मुलगा आज मनातून खचलेला आहे, तोही यातून काय घ्यायचे ते घेईल. सहकाऱ्यांची भीती मात्र निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही सांगितले आहे की मृत्यूचा प्रकार, ठिकाण, मागे ठेवलेली चिठ्ठी यांचे वर्णन करू नये आणि एकच कारण देऊन घटना सोपी करू नये. म्हणून त्याच्याविषयीचे वाक्य त्याच्या जगण्याविषयी असावे: तो कबड्डीत कोणत्या बाजूने चढाई करी, कोणाला गणिते समजावून सांगे. ‘अखेर सुटला’, ‘शांत झाला’ अशी वाक्ये त्यात येऊ देऊ नयेत. त्याच्या एकट्याच्या नावाने मोठा फलक, कट्टा किंवा मिरवणूकही नको.

कार्यक्रमापूर्वी त्याच्या वर्गातील मुलांशी वर्गशिक्षकांनी लहान गटांत बोलावे, आणि जी मुले गप्प राहतात त्यांच्याकडे त्यानंतरही काही आठवडे लक्ष ठेवावे. ‘टेलिमानस’ ही शासकीय मानसिक आरोग्य सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक केवळ या निमित्ताने नव्हे तर कायमचा प्रत्येक वर्गात लावलेला असावा. आईला यादी छापण्यापूर्वी भेटायला जावे. फोनवर ओळ वाचून दाखवू नये.

प्रश्न : माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका सरांच्या निधनाची बातमी आली, शंभर जणांनी श्रद्धांजली वाहिली, आणि सर हयात असल्याचे दुसऱ्या दिवशी कळले. (बीड)

अशा बातमीची आधी खात्री करून घेण्याची जबाबदारी गटातील दोन जणांनी घ्यावी. घरच्या माणसाशी बोलणे झाल्याशिवाय निधनाची बातमी गटावर टाकता येणार नाही, असा नियम करावा आणि गटावर फक्त अ‍ॅडमिनच संदेश टाकू शकतील असे सेटिंग ठेवावे. सरांच्या घरी जाऊन क्षमा मागितली नसेल तर ती आधी मागावी.

प्रश्न : आमच्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या पत्नी 25,000 रुपये देऊन त्यांच्या स्मरणार्थ पारितोषिक ठेवू इच्छितात. अशी जुनी पारितोषिके बंद पडलेली पाहिली आहेत. काय काळजी घ्यावी? (नांदेड जिल्हा)

ती बंद पडतात याचे कारण बहुतेक वेळा हेच असते, की रक्कम शाळेच्या चालू खात्यात जमा होते आणि दोन मुख्याध्यापक बदलल्यावर ती कशाची होती हे कोणालाच सांगता येत नाही. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर कार्यकारिणीच्या ठरावाने ही रक्कम कायम निधी म्हणून स्वीकारावी, शेड्यूल्ड बँकेत स्वतंत्र मुदतठेवीत ठेवावी आणि ताळेबंदात वेगळ्या शीर्षाखाली दाखवावी, म्हणजे लेखापरीक्षणात ती दरवर्षी डोळ्यांसमोर येते. सात टक्के दराने वर्षाला 1,750 रुपये होतात. दर उतरला की तेही कमी होतील. म्हणून ठरावात ‘मिळालेल्या व्याजातून’ असेच शब्द घालावेत, ठराविक रकमेचे वचन देऊ नये, आणि व्याजाचा थोडा भाग पुन्हा मुद्दलात मिळवावा.

पारितोषिक पहिल्या क्रमांकालाच द्यावे असे नाही. सरांना ज्याची आस्था होती तो निकष बाईंना विचारून ठरवावा. रोज दूरच्या तांड्यावरून पायी येणारी विद्यार्थिनी असा निकषही ठरावात बसतो. ठरावाची एक सही-शिक्क्याची प्रत बाईंना द्यावी आणि ठेवीच्या पावतीसह दुसरी प्रत मुख्याध्यापकांच्या चार्ज यादीत क्रमांकासह नोंदवावी, म्हणजे पदभार घेणाऱ्या प्रत्येकास ती मोजून घ्यावी लागेल.