एक्सएफएसवर डीयू फाइल मोठी का दाखवतं? अ‍ॅलॉकसाइझ कमी करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लिनक्सच्या एक्सएफएस फाइल सिस्टिमवर लॉगची फाइल एलएसमध्ये (फायलींची यादी देणारी कमांड) ५ जीबी, डीयूमध्ये (व्यापलेली जागा मोजणारी कमांड) ८ जीबी. टीममधले एक ज्येष्ठ म्हणतात एक्सएफएस जागा खातंय, माउंट करताना अ‍ॅलॉकसाइझ (फाइलपुढे किती जागा आधीच धरायची ते ठरवणारा पर्याय) ६४के लावा, नाहीतर सरळ ईएक्सटी-४ या दुसऱ्या फाइल सिस्टिमवर जा.

नका लावू. हे दोन शब्द मी २०१६ साली एका मीटिंगमध्ये बोलायला हवे होते. तेव्हा गप्प बसलो, म्हणून आज इथे एवढं लिहितोय.

एक्सएफएस करतं ते एवढंच. फाइलच्या शेवटी लिखाण चालू आहे असं दिसलं की ते पुढची जागाही धरून ठेवतं. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो तसं, घरची माणसं एकाच बाकावर बसावीत म्हणून. फाइल वाढत गेली की रुमालही मोठा होतो, एका वेळी अगदी ८ जीबीपर्यंत. लिनक्सच्या २.६.३८ कर्नलपासून हे असंच आहे. तुमची फाइल ४ जीबीला पोचली तेव्हा त्याने आणखी ४ धरले, त्यातला १ भरला, ३ रिकामे आहेत. एलएस भरलेलं सांगतं, डीयू धरलेलं सांगतं. दोघंही खरं बोलतात.

आता २०१६. आमच्याकडे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा सर्व्हर होता. ३२ कॅमेरे, प्रत्येकाची तासाला एक फाइल, साधारण १ जीबीची. फिरत्या डिस्क, ८ टीबी, एक्सएफएस. एक्सएफएस निवडलं होतं मी. एका सकाळी डिस्क ९८ टक्के भरली आणि आमच्या लीडनी डीयू चालवून पाहिलं.

"अरे, सहाशे एमबीची फाइल एक जीबी दाखवतेय, डोळ्यांना दिसतंय ना?"

मी चहाच्या कपाखालच्या कागदावर हिशेब केला. चालू फायली ३२, प्रत्येकीची जास्तीची जागा फार तर अर्धा जीबी, म्हणजे १६ जीबी. गायब होती ४०० जीबीच्या घरात. शिवाय फाइल बंद झाली की उरलेली जागा सुटते, त्यामुळे जुन्या फायलींचा काही संबंधच नव्हता. हिशेब दाखवला. लीड म्हणाले, "थिअरी नको, दुपारपर्यंत फिक्स पाहिजे." अ‍ॅलॉकसाइझ ६४के लागलं, सर्व्हर रीबूट झाला आणि काय आश्चर्य, जागा परत आली! आरसीएच्या (बिघाडाच्या चौकशीच्या) मेलमध्ये मूळ कारण म्हणून "फाइल सिस्टिमची चुकीची निवड" आलं, पुढे कंसात माझं नाव.

जागा परत आली ती रीबूटमुळे. प्लेबॅक सर्व्हिसचा डीबग लॉग कुणीतरी आरएम (डिलीट) केला होता, पण सर्व्हिस चालूच होती आणि तिने ती फाइल उघडी धरली होती. अशा फाइलचं नाव जातं, ब्लॉक (डिस्कवरची जागा) जात नाहीत. डीयूला ती दिसतही नाही. डिलीट होऊनही उघड्या राहिलेल्या फायली दाखवणारं एलएसओएफ +एल१ चालवलं असतं तर मिनिटभरात सापडली असती. आरएम कुणी केलं ते बॅश हिस्टरीत (चालवलेल्या कमांडच्या नोंदीत) होतं. मी ते कुणाला दाखवलं नाही.

तीन आठवड्यांनी प्लेबॅक अडखळायला लागला. आमचं रेकॉर्डर सॉफ्टवेअर दर सेकंदाला एफसिंक करायचं (लिहिलेलं लगेच डिस्कवर उतरवायचं), वीज गेली तरी फुटेज जाऊ नये म्हणून. म्हणजे दर सेकंदाला ३२ फायलींचे पाव-पाव एमबीचे तुकडे डिस्कवर उतरायचे, आणि रुमाल आता ६४ केबीचा, सेकंदभरही न पुरणारा. एका तासाच्या फाइलवर एक्सएफएस_बीमॅप (फाइलचे डिस्कवरचे तुकडे दाखवणारी कमांड) चालवलं तर ३४०० च्या वर ओळी, म्हणजे तेवढे तुकडे. त्याआधीच्या महिन्यातल्या फाइलच्या ११. दोन्ही आउटपुट प्रिंट करून टेबलावर ठेवली, एक अर्धं पान, दुसरी पिन मारावी लागेल एवढी गड्डी. अ‍ॅलॉकसाइझ काढलं. मेल मात्र कुणी दुरुस्त केला नाही.

तुमच्याकडे परत येतो. फाइल बंद करूनही ८ जीबीच दिसत असेल तर तुमचा लॉगर बहुतेक दर वेळी फाइल उघडतो, लिहितो, बंद करतो. असं वारंवार होतंय हे एक्सएफएसला कळतं आणि ते बंद करताना जागा सोडत नाही, कारण पुढच्या क्षणी पुन्हा लागणार. लिखाण थांबलं की मागे फिरणारी सफाई ती काढून घेते, डीफॉल्ट मुदत ३०० सेकंद. घाई असेल तर ती लगेच सोडवायला एक्सएफएस_स्पेसमॅनची प्रीअ‍ॅलॉक कमांड आहे. डिस्क ९५ टक्क्यांच्या वर गेली की एक्सएफएस स्वतःच कमी धरायला लागतं, आणि जागा संपलीच तर धरलेली सोडून पुन्हा प्रयत्न करतं. डिस्क फुल झाली याचा दोष या रुमालावर टाकणाऱ्याने आधी हे वाचावं.

फाइल केवढी होणार हे आधीच माहीत असेल तर अ‍ॅप्लिकेशनमधूनच एफअ‍ॅलोकेट (आधीच जागा मागून घेणारा कॉल) करा. ते रीतसर आरक्षण: ब्लॉक तुमच्या नावावर होतात, न लिहिलेले म्हणून नोंदले जातात, वाचले तर शून्यं मिळतात, जुना कचरा नाही. मात्र ते फाइल बंद केल्यावर आपोआप सुटत नाही.

बरं, एक राहिलं. कोटा (प्रत्येकाच्या जागेवरची मर्यादा) लावला असेल तर धरलेली जागाही कोट्यात मोजली जाते, तिथे तुमच्या ज्येष्ठांचं म्हणणं थोडं बरोबर ठरू शकतं. आणि अ‍ॅलॉकसाइझ वाईट नाही, ६४के वाईट. आमच्यासारख्या कामाला ६४ एमबी लावलं असतं तरी चाललं असतं. सगळं एसएसडीवर असेल तर तुकड्यांचा त्रास बराच कमी, तेव्हा माझा निम्मा संताप वजा करून वाचा.

ईएक्सटी-४वर जावं का? तिथे हा आकड्यांचा फरक असा दिसत नाही, कारण ते अंदाजाने धरलेली जागा फक्त मेमरीत लिहून ठेवतं, फाइलच्या हिशेबात धरत नाही. पण जायच्या आधी एलएसओएफ चालवा, आणि ज्यांनी सल्ला दिला त्यांच्यासमोर चालवा.