जुन्या गाडीचा एसी: गॅस भरण्याची घाई नको

गाडी १९९० च्या आधीची असेल, तर एसीत मुळात आर-१२ गॅस असणार. ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. आता बहुतेक जण आर-१३४ए वर जातात. तुम्हीही तेच करा, पण नुसता गॅस बदलून भागत नाही. जुनं मिनरल ऑइल नव्या गॅसमध्ये विरघळत नाही, त्यामुळे ते कॉम्प्रेसरपर्यंत परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जॅम होतो. म्हणून सगळी लाइन फ्लश करून (आतून धुऊन) नव्या गॅसशी जुळणारं एस्टर ऑइल घाला. सांध्यांमधल्या ओ-रिंगा सगळ्या नव्या, हिरव्या एचएनबीआर रबराच्या. ड्रायर, म्हणजे लाइनमधली ओल शोषणारी डबीही नवीच हवी, आणि ड्रायरची बुचं अगदी शेवटी उघडा. हवेतली ओल तो लगेच शोषतो.

मग किमान ४५ मिनिटं व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने लाइनमधली हवा काढून घ्या. पंप बंद केल्यावर गेजचा काटा हलला तर गळती आहे, आधी ती शोधा. नवा गॅस जुन्याच्या वजनाच्या साधारण ८० ते ८५ टक्केच भरा. जुना उरलेला गॅस हवेत सोडू नका, लाइन उघडण्याआधीच यंत्राने काढून घ्या.

हीटरचं काम त्या मानाने सोपं: पाइप बदला. कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) मात्र डॅशबोर्ड उघडलेला असतानाच तपासून घ्या.