एक ओ की दोन?

विचारलंय की 'सैल' आणि 'हरवणे' यांचे इंग्रजी शब्द लिहिताना 'ओ' किती, हे कसं लक्षात ठेवायचं.

गोंधळाचं मूळ आपल्या बोलण्यात आहे. 'पँट लूज झाली' असं आपण सर्रास म्हणतो. इंग्रजीत मात्र सैल म्हणजे 'लूस' (loose), शेवटी स. हरवणे, गमावणे म्हणजे 'लूझ' (lose). सैल पँटमध्ये दोन ओ आरामात मावतात. हरवण्याच्या शब्दातला एक ओ हरवलाय, बस्स. मी एकदा नोकरीच्या अर्जात 'ही संधी गमवायची नाही' ऐवजी 'सैल करायची नाही' असं लिहून पाठवलं होतं! लाल रेघ आली नाही, कारण शब्द म्हणून दोन्ही बरोबरच. स्पेलचेकवर विसंबू नका.

'इट्स'चीही तीच गत. 'इट इज' किंवा 'इट हॅज' असं फोडता आलं तरच अपॉस्ट्रॉफी (अक्षरांच्या वरचं स्वल्पविरामासारखं चिन्ह) द्या. 'त्याचा' या अर्थी नाही. 'हिज'मध्ये तरी कुठे असते?

आणि 'सेपरेट'मध्ये पीनंतर ई नाही, ए. त्या शब्दाच्या पोटात 'अ रॅट', म्हणजे अख्खा उंदीर बसलाय. एकदा दिसला की पुन्हा चुकत नाही.