अमेरिकेत घेतलेल्या जागेवरचं जुनं मोबाइल होम पाडायला कंत्राटदार कसा निवडावा?

तुमची जागा नॉर्थ कॅरोलायनात आहे, तिच्यावर सत्तरच्या दशकातलं पडीक सिंगल-वाइड, म्हणजे कारखान्यात बनवून एकाच तुकड्यात आणलेलं मोबाइल होम, उभं आहे आणि तिघांनी सांगितलेल्या भावांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, असं तुम्ही लिहिलंय. याच राज्यात आम्ही आमच्या जागेवरचं असंच घर काढून घेतलं. त्यावरून ठामपणे सांगते: भाव विचारायच्या आधी राडारोडा कुठे नेणार, ते विचारा.

पाडायला वेळ लागत नाही. एक्स्कॅव्हेटर आला की असं घर दिवसभरात जमीनदोस्त होतं. पैसा जातो तो राडारोडा उचलण्यात आणि लँडफिलवर, म्हणजे कचरा डेपोवर, वजनाप्रमाणे भरायच्या शुल्कात. जो निम्म्या भावात काम घेतो, तो बहुतेक वेळा इथेच हात आखडतो: मागच्या बाजूला खड्डा करून सगळं पुरतो, नाहीतर पेटवून देतो. दोन्ही बेकायदेशीर आहे. जागा तुमची, म्हणून नोटीसही तुम्हालाच येणार, आणि पुरलेला पत्रा, काच, इन्सुलेशन नव्या घराचा पाया खणताना वर येणार. तेव्हा करारातच लिहून घ्या की सगळा माल परवाना असलेल्या लँडफिलला जाईल आणि वजनाच्या पावत्या हातात पडल्यावरच शेवटचा हप्ता मिळेल. सरळ माणूस याला हरकत घेत नाही.

विम्याचा दाखला कंत्राटदाराकडून घेऊ नका, विमा कंपनीकडून थेट मागवा. लायबिलिटी (दुसऱ्याचं नुकसान झाल्यास भरपाई देणारा) आणि कामगारांचा विमा, दोन्ही हवेत.

आता टायटल. इथे मोबाइल होमला गाडीसारखं डीएमव्हीचं, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणी खात्याचं, टायटल (मालकीचा कागद) असतं. जमिनीचं खरेदीखत झालं म्हणून घर तुमचं झालंच, असं नाही. टायटलवर आधीच्या मालकाचं किंवा बँकेचं नाव असेल तर ते आधी सोडवा, नाहीतर दुसऱ्याची मालमत्ता पाडल्यासारखं होईल. कोणी ‘फुकट उचलून नेतो’ म्हणत असेल, तर हलवायला काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) टॅक्स ऑफिसचं परमिट लागतं आणि कराची थकबाकी भरल्याशिवाय ते मिळत नाही. शिवाय 15 जून 1976 पासून हडचे, म्हणजे केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचे, बांधकाम नियम लागू झाले. त्याआधीचं घर दुसरीकडे उभं करायला बऱ्याच ठिकाणी परवानगीच देत नाहीत, त्यामुळे तुमचं घर त्याआधीचं असेल तर गिऱ्हाईक मिळणं अवघड आहे. बाहेरच्या भिंतीवर लाल धातूची छोटी पट्टी दिसते का बघा; ती नियम लागू झाल्यानंतरच्या घरांवर असते.

इतक्या जुन्या घरात फरशीच्या व्हिनाइलमध्ये किंवा छतात ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतुमय खनिज) असू शकतं. तपासणी पाडायच्या आधी करा, कारण सापडलं तर भाव बदलतो. वीज आणि गॅस तोडल्याची खात्री करून घ्या, 811 ला फोन करून जमिनीखालच्या लाइनींवर खुणा करून घ्या. तो फोन फुकट आहे, पण तुमची स्वतःची सेप्टिक टाकी ते दाखवत नाहीत. तिथे तुम्हीच खुंट्या ठोका. टाकी चांगली असेल तर नव्या घराला कामी येऊ शकते, पण वरून भरलेला ट्रक गेला तर फुटते.

काउंटीच्या प्लॅनिंग विभागात मात्र यातलं काहीही सुरू करण्याआधी जा. काही ठिकाणी जुनं घर हटवून ठरावीक मुदतीत नवं आणलं नाही, तर तिथे पुन्हा मोबाइल होम ठेवायचा हक्क जातो.