आईसाठी रजा कधी घ्यावी, आणि घेतल्यावर काय करावं

"आईचा पार्किन्सन वाढलाय. रजा तीनच आठवडे मिळते. ती आत्ता वापरू, की शेवटासाठी राखून ठेवू?" परदेशी राहणाऱ्या मुलामुलींचा हा नेहमीचा प्रश्न. या वेळी तो ह्यूस्टनहून आला होता. विचारणारी पन्नाशीला टेकलेली, आई शहात्तर वर्षांची, नागपुरात प्रतापनगरला मुला-सुनेकडे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

याचं उत्तर सोपं आहे. ह्यूस्टन ते नागपूर, या घरातून त्या घरात पोचायला चोवीस ते तीस तास जातात, तेही तिकीट हाताशी असेल तर. शेवटच्या क्षणी हजर राहणं नशिबाचा भाग, त्यावर रजेचं गणित मांडू नये. आई बोलते आहे, रागावते आहे, तोवर यावं. अवघड प्रश्न तिने विचारलाच नव्हता: येऊन करायचं काय?

कारण मागच्या खेपेची आठवण घरात अजून ताजी होती. मुलांना सुट्टी म्हणून ती मे महिन्यात आली. पारा पंचेचाळिसाच्या घरात, आई कूलरसमोरून हलेना. तेवढ्या मुक्कामात तिने सांभाळणारी बाई बदलली, डॉक्टर बदलले, झोपेची गोळी परस्पर बंद केली आणि कठड्यांचा पलंग आणवला. सगळं मार्गी लावल्याच्या समाधानात परत गेली. पुढे नवी बाई सोडून गेली, आणि रात्री कठड्यावरून उतरायच्या प्रयत्नात आई पडली. वहिनीचं म्हणणं एका वाक्यात होतं: "ताई येऊन राहिल्या म्हटलं, की माझ्या पोटात गोळाच येते."

हा प्रकार इतका जुना आहे, की १९९१ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी त्यावर लेख लिहून 'कॅलिफोर्नियाची मुलगी' असं नाव दिलं. कॅलिफोर्नियात म्हणे तिलाच न्यूयॉर्कची मुलगी म्हणतात! दूर असल्याची टोचणी घरी आल्यावर दुरुस्तीचं रूप घेते, आणि दुरुस्ती नेमकी त्याच माणसाच्या कामाची होते, जे वर्षभर तिथं राबत असतं.

म्हणून या वेळी तिकिटाआधी फोन वहिनीला. एकच विचारायचं: मी आले तर तुम्हाला काय हवंय? उत्तर आलं, चार दिवस अमरावतीला माहेरी जायचंय. अख्ख्या सहलीची आखणी या चार दिवसांभोवती झाली. महिना नोव्हेंबर ठरला. हवा बरी, आणि आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखलाही याच महिन्यात द्यायचा असतो. बोटांचे ठसे उमटत नसतील, तर सरकारच्या 'जीवन प्रमाण' सेवेच्या ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो. न्यूरॉलॉजिस्टची वेळ आधीच घेऊन ठेवली, आणि तिथं भावासोबतच जायचं असं ठरलं.

पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, हा नियम तिला जड गेला. त्यात जेट लॅग कामी आला. साडेअकरा तासांच्या फरकामुळे रात्री दोनला ती टक्क जागी. मग रात्रपाळी तिचीच. आईला कूस स्वतःहून बदलता येत नाही, दोनदा लघवीला उठवावं लागतं, आणि उठवताना दंड ओढायचा नाही: आधी कुशीवर वळवायचं, पाय पलंगावरून खाली सोडायचे, मिनिटभर बसू द्यायचं. एकदम उभं केलं तर रक्तदाब खाली येऊन चक्कर येते. वहिनी हे किती काळ करते आहे, हे तिला फोनवर कधीच कळलं नव्हतं.

त्याच दिवसांत तिने वही घातली. गोळी कधी दिली, हात कधी मोकळा झाला, पुन्हा कधी आखडला, जेवण कधी. चार दिवसांत दिसलं, की सकाळची गोळी बाई आल्यावर आठनंतर, दुधासोबत जाते आणि दहापर्यंत आई लाकडासारखी. लेवोडोपा, म्हणजे पार्किन्सनची ही मुख्य गोळी, आतड्यात शोषली जाताना प्रथिनं आड येतात, म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर तासाभराने देतात. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली. गोळी साडेसहाला आणि नुसत्या पाण्यासोबत, हा बदल त्यांनी सांगितला आणि भावाने अमलात आणला. तीच गोष्ट बहिणीने पहिल्या दिवशी फर्मावली असती तर भांडण झालं असतं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर होते. येत्या वर्षात काय काय होऊ शकतं? गिळायला त्रास होतोय का, तो कसा ओळखायचा? तातडीने कुठं भरती करावं लागलं तर कोणती औषधं टाळायची? हा शेवटचा प्रश्न फार कमी जण विचारतात. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि बडबड थांबवायला दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल, दोन्हींनी पार्किन्सन बळावतो. ही नावं आता फ्रिजवर चिकटवलेली आहेत.

कागदपत्रांत बँक आधी. या आजारात अक्षर बारीक होत जातं आणि सही जुळेनाशी होते. आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी हवा. शाखेत बोलून ती सोय आणि वारसनोंद करून घ्यावी. मुखत्यारपत्रावर भिस्त ठेवू नये, देणाऱ्याची समज गेली की ते संपतं.

आणि ते बोलणं, जे सगळे टाळतात. उपचार कुठवर हवेत, हे आईनेच सांगायचं. २०१८च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तशी आगाऊ लेखी इच्छा मान्य केली आहे. २०२३पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ती होते. वेळ निवडली गोळीचा असर सुरू झाल्यानंतरची, टीव्ही बंद करून. पार्किन्सनमध्ये आवाज बसतो, शब्द उशिरा येतो, आणि मुलगी आईची वाक्यं स्वतःच पुरी करत होती. तिला सांगितलं होतं, मनात दहा मोजायचे. आठव्याला आई म्हणाली, "नाकात नळी नको. आणि दादाला बोल लावू नको."

वहिनी अमरावतीला चार दिवसांऐवजी सहा दिवस राहिली. रात्रीच्या बाईचा खर्च आता ह्यूस्टनहून थेट वहिनीच्या खात्यात येतो, भेट म्हणून नाही, दरमहा ठरलेल्या तारखेला. बाई कोणती, हे वहिनी ठरवते.

निघताना 'पुन्हा लवकर येते' म्हणायचं नाही, पुढच्या व्हिडिओ कॉलची वेळ सांगायची, असं ठरलं होतं. साडेसहाच्या गोळीनंतर तासाभराने, नागपूरचे साडेसात, तिकडचे रात्रीचे आठ. मार्चमध्ये अमेरिकेतली घड्याळं पुढे सरकली की तिने नऊला बसायचं, आईची वेळ हलवायची नाही.