तुझ्या गिरणगावच्या लेखाबद्दल

अनेक आशीर्वाद.

तुझा लेख दोनदा वाचला. हात चांगला आहे. पण ‘चाळ गेली आणि माणुसकीही गेली’ या वाक्यापाशी मी थांबलो. ते वाक्य तुझं नाही, आमचं आहे. आम्ही म्हातारे लग्नात, मयताला, कुठेही ते म्हणतो.

चाळीत दारं उघडी असत, खरं आहे. पण एका खोलीत दहा-बारा माणसं, तर दार लावणार कुठे? गावकऱ्यांच्या गाळ्यात पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागी अंग टाकायचा. अंथरूण गार व्हायला सवड नसे. याला आम्ही आता एकोपा म्हणतो. एकोपा होताही, नाही असं नाही. पण आधी जागा नव्हती.

माझी आई खानावळ चालवायची. अकरा गडी जेवायला. पहाटे साडेतीनला स्टोव्ह भरभरायला लागला की मी गोधडीत डोकं खुपसायचो. घाटावरच्यांना भाकरी, कोकणातल्यांना भात. पैसे पगाराला, त्यातून खाडे वजा. वाण्याला मात्र आधी द्यावे लागत, म्हणून सावकार. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आई काही तिथवर पोचली नाही. तिची बोरमाळ गहाण पडली ती पडलीच.

मग १८ जानेवारी १९८२. मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. तुझ्या लेखात संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत आहेत, मालक आहेत, सरकार आहे, जमिनींचे भाव आहेत, अडीच लाख कामगार आहेत. त्या अडीच लाखांतल्या कितीतरी जणांना जेवू घालणारी बाई कुठेच नाही. महिने लोटले, गडी एकेक करून गावी गेले, उधारी वहीत राहिली. तुला बोलतोय खरा, पण मीही तेच केलंय. संपावर माझ्या चार कथा आहेत. चारींत आई फक्त चहा घेऊन आत येते.

तेव्हा पुन्हा जा. ‘त्या काळी कसं होतं?’ असं विचारू नकोस, सगळे गोडच सांगतील. किती वाजता उठायचात, पाणी कुणी भरायचं, खाडा कसा धरायचात, हे विचार. आणि परळच्या पुलाखाली मोटारसायकलला टेकून डबा खाणारी पार्सलवाली पोरं आहेत ना, त्यांनाही विचार, रात्री कुठे झोपता, खोलीत कितीजण. ‘आताच्या काळा’वर लिहायचं ते त्यानंतर.

आईची वही माझ्याकडे आहे. तेलाने पानं चिकटलीत, सावकाश उलटावी लागतात. सात नावांपुढे अजून आकडे आहेत. बघायला ये, पण सकाळी ये. दुपारी माझा डोळा लागतो.